परात, मिसळणाचा डबा आणि चालू ठेवलेला रेडिओ

नमस्कार मंडळी.

आज विजेचा बोर्ड उघडण्याआधी लाईन बंद आहे हे कसं ओळखायचं, ते सांगणार आहे. ऐकायला बसण्याआधी स्वयंपाकघरातली कणकेची परात जवळ घ्या. स्टीलचीच घ्या. प्लास्टिकचं घमेलं नको, कारण त्यात पडलेला स्क्रू आवाज करत नाही. आपल्यासारख्या अंध माणसाच्या हातून स्क्रू सुटून फरशीवर पडला, तर तो एकदा टिंग करतो, घरंगळत कपाटाखाली जातो आणि मग अर्धा तास गुडघ्यांवर. परातीत पडला तर परातीतच राहतो, आणि कुठल्या अंगाला पडला तेही कानाला कळतं. मिक्सरचं बूड उघडायचं असो की भिंतीवरचा बोर्ड, आधी खाली परात. आणि उजव्या हाताला मिसळणाचा डबा, जुना, झाकण हरवलेला असला तरी चालेल. पहिला काढलेला स्क्रू मधल्या वाटीत, पुढचे भोवतीच्या वाट्यांत, ज्या क्रमाने निघाले त्या क्रमाने. लावताना शेवटच्या वाटीपासून मागे यायचं. मोहरी आणि जिरं न बघता उचलणाऱ्या बायकांना हे वेगळं शिकवायला लागत नाही.

पुन्हा सांगतो. खाली परात, उजव्या हाताला मिसळणाचा डबा.

मी जन्मापासून पाहिलेलं नाही. विजेचं काम शिकलो ते मामांकडे. इचलकरंजीत त्यांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान होतं. यंत्रमागांच्या जळलेल्या मोटारी यायच्या, त्यांची जुनी तार काढून नवी भरायची. सुट्टीत गेलो की मामा मला वेढे मोजायला बसवायचे, कारण माझी मोजणी चुकत नसे. जळालेल्या वार्निशचा वास, नुसत्या तापलेल्या वार्निशचा वास, प्लास्टिकचा वास, बॅकेलाइटचा वास, हे सगळे वेगळे असतात हे मला तिथे दहाव्या वर्षी कळलं. शाळेत मात्र आम्हाला वेताच्या खुर्च्या विणायला शिकवलं, खडू पाडायला शिकवलं. हात छान तयार झाले, त्या मास्तरांचा मी ऋणी आहे. पण स्क्रूड्रायव्हर आणि पक्कड कुणी हातात दिली नाही. मुलं बिचकतील, पालक काय म्हणतील, ही भीती. मला आजही वाटतं, प्रत्येक अंध मुलाला आणि मुलीला, मुलीला तर नक्कीच, शाळा सुटायच्या आत तीन पिनेचा प्लग भरता आला पाहिजे. खुर्ची विणणाऱ्या बोटांना प्लग काय जड आहे?

असो. आजचा विषय एकच. बोर्ड उघडायच्या आधी लाईन बंद आहे हे कसं ओळखायचं, आणि काम संपेपर्यंत ती बंदच राहील हे कसं बघायचं. दोन वेगळ्या गोष्टी आहेत बरं का. बंद आहे हे ओळखणं ही एक, आणि बंद राहणं ही दुसरी. दुसरी मला मिरजेत कळली, ती हकिगत सांगतो.

पंधरा-सोळा वर्षं झाली असतील. माझी थोरली बहीण मिरजेत दिलेली. जुना वाडा. पुढे सोपा, मग माजघर, त्याच्या मागे स्वयंपाकघर, तिथे एकच खिडकी आणि तीही बोळात उघडणारी. घर लिंगायतांचं, मासळीचं नाव नाही. माडीवर एक भाडेकरू बिऱ्हाड होतं, मूळचं मालवणकडचं.

श्रावणातल्या एका सोमवारी सकाळी ताईचा फोन आला. म्हणाली, "अरे, आठ दिवस झाले, आमच्या स्वयंपाकघरात बोंबील भाजल्यासारखा वास येतोय. आक्का म्हणतात, वरच्यांनी श्रावण सुद्धा पाळू नये का? वरची बाई देवाची शपथ घेऊन सांगते की तिनं महिनाभर काही केलेलं नाही. दोघी आता एकमेकींशी बोलत नाहीत." आक्का म्हणजे ताईच्या सासूबाई. मनाची मोठी बाई, पण एकदा ठरवलं की ठरवलं.

मी विचारलं, "वास कधी येतो?"

"सकाळी. चहाच्या वेळी जास्त."

"घरात नवीन काय आणलंय?"

जरा विचार करून ताई म्हणाली, "विजेची शेगडी आणलीय. सिलिंडर पुरवायचा म्हणून चहा आणि दूध तिच्यावर करतो."

मी म्हटलं, "ताई, शेगडीला हात लावू नकोस. मी दुपारच्या एस्टीनं येतो."

मंडळी, हा वास लक्षात ठेवा. बटणाचं, सॉकेटचं, होल्डरचं प्लास्टिक आतून जास्त तापलं की बऱ्याचदा मासळीसारखा वास सुटतो. धूर नंतर येतो, ठिणगी त्याच्याही नंतर. डोळस माणूस धूर दिसायची वाट बघतो. घरात मासळी नसताना मासळीचा वास आला, तर शेजाऱ्यावर संशय घेण्याआधी बोर्ड हुंगा. पुन्हा सांगतो, मासळी नसताना मासळीचा वास आला की आधी बोर्ड.

गेलो. चहा सुद्धा नको म्हटलं आणि स्वयंपाकघरात शिरलो. ओट्याच्या वरच्या बोर्डाजवळ नाक नेलं आणि वास सापडला. सकाळची शेगडी, दुपारचे चार वाजलेले, तरी प्लास्टिकला वास होता. प्लगवरून हात फिरवला तर प्लगच्या मागे आणखी एक प्लग. शेगडीची पिन मोठी, १६ अँपिअरची, आणि बोर्डावरचं सॉकेट लहान, ६ अँपिअरचं. मध्ये दुकानातून आणलेली कन्व्हर्टर पिन घालून जमवलेलं. शेगडी २००० वॅटची. आपल्या घरात २३० व्होल्ट येतात. २००० ला २३० ने भागलं तर पावणेनऊच्या आसपास अँपिअर होतात. सहाच्या सॉकेटमधून पावणेनऊ, रोज तासभर. मला विचाराल तर ही कन्व्हर्टर पिन दुकानात विकायलाच बंदी हवी. मोठी पिन लहान भोकात जात नाही, ती जाऊ नये म्हणूनच तशी केलेली असते.

तर मी काम काढलं. मेन बोर्ड पुढे सोप्यात होता. स्वयंपाकघराचा एमसीबी, म्हणजे त्या भागाची लाईन तोडणारा मेन बोर्डातला खटका, कुठला ते शोधायला मी नेहमी करतो तेच केलं. ताईचा रेडिओ घेतला, त्यातले सेल काढले, स्वयंपाकघराच्या दाराजवळच्या बोर्डात वायरीवर लावला आणि आवाज पूर्ण वर. मग सोप्यात जाऊन एकेक एमसीबी खाली करत गेलो. तिसऱ्याला रेडिओ गप्प झाला. पुन्हा वर केला, रेडिओ बोलला. खाली केला, गप्प. ताईला म्हटलं, "हा तिसरा खाली आहे, याला हात लावू नकोस." ती बरं म्हणाली आणि दूध आणायला गेली. दाजी दुकानात होते. आक्का महादेवाच्या देवळात गेल्या होत्या. रेडिओ मी तसाच ठेवला, वायर सॉकेटात, बटण चालू, आवाज पूर्ण. तेव्हा काही फार विचार करून नाही. मामांची सवय होती ती, त्यांनी ती लावली होती.

मग खिशातला बीप करणारा टेस्टर काढला, सोप्यातल्या चालू सॉकेटवर धरून पाहिला, बीप झाला. स्वयंपाकघराच्या बोर्डावर धरला, गप्प. परत सोप्यात, बीप. मग बोर्ड उघडला.

फेजची, म्हणजे जिच्यातून वीज येते ती जिवंत वायर, सॉकेटच्या ज्या स्क्रूखाली धरलेली होती तो स्क्रू नखानेसुद्धा हलत होता. कुणीतरी बसवताना तो आवळायचाच राहिला होता. सैल जोड तापतो, तापला की आणखी सैल होतो. वायरीचं आवरण तिथं वाळलेल्या कुरडईसारखं झालं होतं, बोटात धरलं की चुरा. सॉकेटची एक कड तडकली होती. मी वायर मागे मागे चाचपत गेलो, जिथं आवरण पुन्हा मऊ आणि लवचिक लागलं तिथं कापली. नशिबाने लांबी पुरेशी होती. आवरण सोललं, तांबं खरवडून चकचकीत, म्हणजे बोटाला गुळगुळीत लागेल असं केलं, तारा पिळल्या आणि नवीन सॉकेटच्या स्क्रूसाठी दोन्ही हात मिसळणाच्या डब्यात घातले.

तेवढ्यात दिवेलागण झाली होती. मला काय, मला वेळ कळली ती बाहेरच्या देवळातल्या घंटेवरून. आक्का आल्या. माजघरातून त्यांचा आवाज आला, "आगं बाई, पावणं अंधारात बसलायसा व्हय! तिन्हीसांजंला!" मी काही बोलायच्या आत त्यांची पावलं सोप्याकडे वळली. मला वाटलं, देवापुढे दिवा लावायला चालल्या.

आणि दाराजवळून रेडिओ एकदम ओरडला, "ज्वारीवर खोडमाशीचा प्रादुर्भाव दिसल्यास..."

मंडळी, तो आवाज मी अजून विसरलो नाही. शेतीचा कार्यक्रम चालू होता. लाईन आली होती. चार श्वास आधी याच दोन हातांनी मी ते उघडं तांबं पिळत होतो, आणि आणखी चार श्वासांनी पुन्हा धरणार होतो. मी हात छातीशी घेतले, जागचा हललो नाही, कारण वायर समोर लोंबत होती आणि तिचं टोक नेमकं कुठं आहे ते मला आता हाताने बघता येत नव्हतं. मोठ्यानं म्हटलं, "आक्का, जो खटका वर केलात तो खाली ओढा. आत्ता." ठक् आवाज झाला. रेडिओ बंद.

आक्का दारात येऊन उभ्या राहिल्या. बोलेनात. बांगड्या वाजत होत्या, म्हणजे हात कापत असणार. शेवटी म्हणाल्या, "तुम्हांस्नी दिसावं म्हणून लावली ओ लाईट."

मी त्यांना खाली बसवलं, पाणी दिलं. त्यांची चूक नव्हती. संध्याकाळी घरात अंधार ठेवू नये ही त्यांची रीत, आणि पाहुण्याला उजेड करून देणं ही माया. चूक माझी होती. मी एकट्या ताईला सांगितलं, घराला सांगितलं नाही. खटका खाली ओढला, पण पुन्हा वर जाणार नाही असं काहीच केलं नाही. डोळस वायरमनच्या बाबतीत असं सहसा होत नाही, कारण तो बोर्डाशी काम करतोय हे लोकांना पटतं आणि त्याच्या डोक्यावरचा दिवा बंद आहे तो मुद्दाम, हेही पटतं. आपण अंधारात बसलेलो दिसलो की लोकांना आधी कणव येते. आणि कणव आली की माणूस आधी बटण दाबतो.

पुढचं ऐका. आक्कांनी डोळे पुसले, देवघरातला पाट उचलला आणि सोप्यात बरोबर त्या बोर्डाखाली मांडून बसल्या. ताई दूध घेऊन आली, तिला लांबूनच थांबवलं. दाजी दुकान बंद करून आले आणि म्हणाले, "हे काय, अंधार?" आक्का म्हणाल्या, "कुनी हात लावायचा न्हाई. पावणं काम करायलेत." पाऊण तास ती बाई पाटावरून उठली नाही. मी सॉकेट बसवलं, प्रत्येक वायर ओढून पाहिली, झाकण लावलं, सोप्यात जाऊन आक्कांच्या हाताला धरलं आणि म्हटलं, "आता तुम्हीच वर करा." त्यांनी केला. खोडमाशी संपली होती, भजन लागलं होतं.

सॉकेट मी सहाचंच बसवलं. सोळाचं बसवलं नाही, कारण मागची वायर बारीक होती, आणि बारीक वायरीवर मोठं सॉकेट लावणं म्हणजे पुढची आग भिंतीच्या आत ढकलणं. शेगडीसाठी मेन बोर्डापासून जाड वायरीची वेगळी लाईन हवी, ती परवानाधारक वायरमनकडून ओढून घ्या असं दाजींना सांगितलं, आणि त्यांनी घेतली. मी स्वतः ती ओढली नाही. जिना लावून छताशी पाइप ठोकणं हे माझं काम नाही, आणि तसं म्हणायला मला कमीपणा वाटत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आक्का वाटीत शेंगदाण्याची चटणी घेऊन स्वतः माडी चढून गेल्या. वर काय बोलणं झालं ते मला माहीत नाही, पण वाटी रिकामी परत आली नाही, सोलकढीनं भरून आली.

आता रेडिओची युक्ती नीट सांगतो, कारण अर्धवट ऐकली तर धोका आहे.

रेडिओ बोलला, म्हणजे लाईन आहे हे नक्की. रेडिओ गप्प, म्हणजे लाईन नाही हे मात्र नक्की नाही. न्यूट्रल, म्हणजे वीज परत जायची वायर, कुठे तुटली असेल तर रेडिओ गप्प बसतो आणि फेज तशीच जिवंत असते. म्हणून रेडिओ हा पहारेकरी. खात्री करायची ती बीप करणाऱ्या टेस्टरने, आणि तीही तीनदा: आधी चालू सॉकेटवर, मग कामाच्या जागी, मग पुन्हा चालू सॉकेटवर. टेस्टरचा सेल मधेच संपला असेल तर तिसऱ्या वेळी कळतं. पुन्हा म्हणतो. चालूवर, कामावर, चालूवर. स्क्रूड्रायव्हरमधला तो दिव्याचा टेस्टर आपल्या उपयोगाचा नाही.

रेडिओ ज्या बोर्डात लावाल तो मेन बोर्डाच्या बाजूचा हवा. तुम्ही उघडलेल्या बोर्डाच्या पुढचा असेल, तर मधली वायर तुम्हीच सोडवलेली असते, मग लाईन आली तरी तो बिचारा बोलणार कसा? मिरजेत तो दाराजवळ होता, लाईन आधी तिथे येत होती, म्हणून मी आज तुमच्याशी बोलतोय.

घरात इन्व्हर्टर असेल तर तो वेगळा बंद करा. मेन खाली केला तरी इन्व्हर्टरवरचे दिवे आणि पंखे जिवंत राहतात. हे फार जण विसरतात. आणि नुसतं भिंतीवरचं बटण बंद करून होल्डरला हात लावू नका. कितीतरी घरांत बटण फेजऐवजी न्यूट्रलवर बसवलेलं असतं, दिवा विझतो, फेज होल्डरमध्येच असते.

खटक्याची दिशाही ध्यानात ठेवा. आपल्याकडे भिंतीवरचं बटण खाली दाबलं की चालू, आणि बोर्डातला एमसीबी वर ढकलला की चालू. उलट आहे. एमसीबी कधी ट्रिप होऊन, म्हणजे आपोआप सुटून, मधेच लटकतो, तेव्हा आधी पूर्ण खाली ओढून मगच वर न्यायचा. काम चालू असताना मी आता खाली ओढलेल्या दांडीवर चिकटपट्टी लावतो आणि तिच्यावर कपड्यांचा लाकडी चिमटा. हात लावणाऱ्याच्या बोटाला चिमटा लागला की तो थांबतो, विचारतो. आणि घरातल्या प्रत्येकाला सांगतो, लहान पोरांना सुद्धा, बाहेरून येणाऱ्याला सुद्धा.

रंगांचं थोडक्यात. जुन्या वायरिंगमध्ये लाल फेज, काळी न्यूट्रल, हिरवी अर्थ, म्हणजे जमिनीला जोडलेली. उपकरणांच्या नव्या वायरीत तपकिरी फेज, निळी न्यूट्रल, हिरवी-पिवळी अर्थ. वायर सोडवण्याआधी, सोडवल्यावर नव्हे, खुणा करा. मी फेजला एक रबरबँड गुंडाळतो, अर्थला दोन, न्यूट्रल मोकळी. रंग सांगायला शेजारी आहे, फोनवर व्हिडिओतून बघून सांगणारी माणसं आहेत. पण रंग कळला तरी टेस्टर लावायचाच, कारण बसवणाऱ्याने हाताला येईल ती वायर वापरलेली असू शकते. प्लग भरताना पिना खाली टेबलाकडे, जाड पिन तुमच्यापासून लांब. मग जाड पिनेला अर्थ, उजवीला फेज, डावीला न्यूट्रल. अर्थची वायर आतमध्ये थोडी लांब सोडा, म्हणजे वायर ओढली गेली तर अर्थ सगळ्यांत शेवटी सुटेल.

जाता जाता एक. हल्ली काचेच्या गुळगुळीत टच पॅनेलचे बोर्ड लावायची हौस आलीय. बटण कुठे, चालू की बंद, बोटाला काहीच कळत नाही. नवीन घर बांधत असाल आणि घरात अंध कुणी असेल, किंवा म्हातारं कुणी असेल, तर कृपा करून खट् करणारं बटण लावा. वॉशिंग मशीनचंही तेच, फिरवायची कळ असलेलं घ्या. मिरजेत तंबोरे करणारे कारागीर आहेत, भोपळ्यावर बोटाने टिचकी मारून त्याची जाडी सांगतात. वस्तूनं हाताला उत्तर द्यावं, एवढीच माझी मागणी आहे.

आणि आज रात्री जेवणं झाल्यावर एक काम करा. मेन बोर्डात आरसीसीबी असेल, काही जण त्यालाच ईएलसीबी म्हणतात, तर त्यावर एक छोटं टेस्टचं बटण असतं, बोटाला उंचवटा लागतो. घरासाठीचा बहुधा ३० मिलिअँपिअरचा असतो, तेवढी वीज अंगातून किंवा भिंतीतून भलतीकडे गेली की तो लाईन तोडतो. ते बटण दाबा. खट् होऊन सगळं घर बंद झालं पाहिजे. झालं, तर पुन्हा वर करा आणि महिन्याने पुन्हा दाबा. झालं नाही, तर उद्या सकाळी पहिलं काम वायरमनला फोन. पण दाबायच्या आधी घरातल्यांना सांगा, कुणी जिन्यावर असेल.

पुढच्या खेपेला गळका नळ घेऊ. अर्ध्या इंचाचा वायसर आणून ठेवा, आणि परात तीच चालेल. नमस्कार.